पहिला ठिपका

एखादी गोष्ट व्हायरल झाली, असं आपण दिवसातून चार वेळा म्हणतो. ती होत असताना कशी दिसते, हे मात्र आपल्यापैकी जवळजवळ कुणीच पाहिलेलं नसतं. आपल्याला दिसतो तो फोनवर येऊन पडलेला एक मेसेज. आपल्याआधी तो कुणाकडे होता, आपल्यानंतर कुठे गेला, ते आपल्या जागेवरून कळत नाही. तळहातावर पडलेल्या एका थेंबावरून ढगाचा आकार सांगायचा, तशातली गत.

आकड्यांची चित्रं काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. संस्था, वर्तमानपत्रं, कधी एखादं संशोधन केंद्र अशी मंडळी येतात आणि म्हणतात, ‘हे कसं पसरलं ते दाखवा.’ चित्र त्यांच्या डोक्यात आधीच तयार असतं. काळा नकाशा, त्यावर एक लाल ठिपका. मग त्या ठिपक्यातून रेघा निघतात, रेघांच्या टोकाला नवे ठिपके उमटतात आणि वीस सेकंदांत सगळा नकाशा लाल होतो. साथीच्या रोगांवरच्या सिनेमांनी हे चित्र इतकं रुजवलंय की त्याहून वेगळं काही दाखवलं तर लोकांना ते अपुरं वाटतं.

चित्र काढायला बसलं की पहिला प्रश्न तोच येतो : पहिला ठिपका कुठे ठेवायचा? वरवर हा तांत्रिक प्रश्न आहे. पण ठिपका ठेवला की बघणाऱ्याचं बोट तिथेच जातं, आणि बोट गेलं की त्याच्यामागून आरोप जातो. म्हणून या धंद्यात आपल्याआधी कुणी काय काढलं आणि काय काढायचं टाळलं, हे बघत राहायची मला सवय लागली.

यातलं सगळ्यात वापरून गुळगुळीत झालेलं चित्र मक्याच्या शेतातून आलेलं आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांना विचारलं, की संकरित मका तुम्ही कधी पेरायला लागलात? १९४३ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. १९२८ ते १९४१ या काळात दोघं सोडून बाकी सगळ्यांनी ते बियाणं घेतलं होतं. वर्षं आडवी आणि शेतकरी उभे मांडले की एक रेघ मिळते : आधी रांगणारी, मध्येच उभी चढणारी, शेवटी सपाट होणारी. इंग्रजी एस अक्षर तिरकं करून ठेवल्यासारखी. आज कुठल्याही नव्या अ‍ॅपच्या सादरीकरणात ही रेघ असतेच.

त्या अभ्यासातली एक गोष्ट रेघेत दिसत नाही. नव्या बियाण्याची बातमी बहुतेकांना पहिल्यांदा विक्रेत्याकडून कळली होती, पण त्यांना पटली ती शेजाऱ्याचं शेत बघून. कळणं एकाकडून आणि पटणं दुसऱ्याकडून, या दोन वेगळ्या हालचाली. मधली काही वर्षं माणूस कुंपणापलीकडे बघत उभा असतो. रेघेवर मात्र तो एकाच क्षणी उमटतो, पेरलं त्या वर्षी. त्याचं उभं राहणं कुठेच नोंदलं जात नाही.

याच आयोवातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, एव्हरेट रॉजर्स. १९६२ मध्ये त्याने नव्या गोष्टींच्या प्रसारावर जे पुस्तक लिहिलं, ते या विषयाचं पायाभूत पुस्तक झालं. माणसांची पाच गटांत वाटणी त्यानेच रूढ केली : अगदी पुढचे अडीच टक्के, त्यांच्यामागून येणारे साडेतेरा, मग चौतीस, पुन्हा चौतीस, आणि शेवटी रेंगाळणारे सोळा. रॉजर्सचे वडील त्या शेवटच्यांतले होते. त्यांनी संकरित मका बरीच वर्षं घेतला नाही, आणि १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्यांचा मका तग धरून असताना यांचा वाळून गेला. रॉजर्सने हे स्वतः सांगून ठेवलंय. मला नेहमी वाटतं, ‘रेंगाळणारे’ हा शब्द निवडताना त्याच्या डोळ्यांपुढे वडील आले असतील का? आले असावेत. कारण पुढे त्यानेच आपल्या विषयावर टीका केली, की नवं ते चांगलंच आणि न घेणारा तो चुकलेला, असं गृहीत धरायची खोड या अभ्यासांना आहे. वडिलांच्या बाबतीत ते खरं ठरलं. सगळ्याच नव्या गोष्टी मक्यासारख्या नसतात.

रेघेला जागा नसते. ती उणीव टॉर्स्टन हेगरस्ट्रँड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञाने भरून काढली. दक्षिण स्वीडनमधल्या एका भागाचे त्याने पाच-पाच किलोमीटरचे चौकोन पाडले आणि कुरणं सुधारण्यासाठीचं सरकारी अनुदान कुठल्या चौकोनातल्या शेतकऱ्याने कुठल्या वर्षी घेतलं, ते वर्षागणिक नकाशांवर मांडलं. हे १९५३ मधलं काम. पुढची पायरी त्याहून भन्नाट आहे. यादृच्छिक आकड्यांचं कोष्टक घेऊन त्याने एक खेळ मांडला : जवळच्या माणसाला सांगायची शक्यता जास्त, लांबच्याला कमी, बाकी सगळं नशिबावर. खेळातून जो नकाशा निघाला, तो खऱ्या नकाशाच्या बराच जवळ जाणारा होता. म्हणजे एकाही शेतकऱ्याचं मन न ओळखता त्या सगळ्यांचा मिळून होणारा आकार काढता येतो. मला हे वाचून आनंद झाला होता आणि थोडी भीतीही वाटली होती. आकार जुळला, म्हणजे कारण समजलं असं नव्हे, हे तेव्हाच मनात पक्कं झालं.

अफवेचा नकाशा तर त्याआधीच काढून झाला होता. १७८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत एक भीती पसरली, की सरदार-जमीनदारांनी पोसलेल्या लुटारूंच्या टोळ्या उभी पिकं कापायला येताहेत. टोळ्या कुठेच नव्हत्या. जॉर्ज लफेव्र या इतिहासकाराने १९३२ मध्ये या ‘महाभीती’वर पुस्तक लिहिलं. गावोगावच्या नोंदींतल्या तारखा जुळवून भीती कुठून निघाली, कुठल्या रस्त्याने गेली, ते त्याने नकाशावर दाखवलं. सगळा देश एकाच दिवशी घाबरला अशी समजूत होती. लफेव्रने दाखवलं की मोजक्या ठिकाणांहून निघालेले ते वेगवेगळे ओघ होते. आणि उगमापाशी सापडलं काय? एके ठिकाणी तर लांबून दिसलेली गुरं लुटारूंची टोळी वाटली होती. तो पहिला ठिपका शोधून काढला तर हाती लागतो गुरांचा कळप. सगळा दारूगोळा पुढच्या गावांत आधीच साठलेला होता : महागलेलं धान्य, दारोदार फिरणारे बेकार, सरदारांबद्दलचा संशय.

आपल्याकडे असंच कोडं १८५७ च्या सुरुवातीच्या महिन्यांतलं, चपात्यांचं. उत्तरेत आणि मध्य भारतात गावचा चौकीदार पुढच्या गावच्या चौकीदाराला चपात्या द्यायचा आणि सांगायचा, अशाच आणखी करून पुढे पोचव. कुठे दोन, कुठे चार, कुठे पाच. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल याच्या कचेरीतल्या टेबलावर त्या येऊन पडल्या आणि तो चक्रावला. इंग्रज अधिकाऱ्यांनी चौकशा केल्या, प्रत्येक चौकीदाराला विचारलं. कुणाकडून आली ते प्रत्येकाला माहीत होतं, कशासाठी ते कुणालाच नाही. प्रसाराची यंत्रणा पूर्ण उघडी आणि अर्थ पूर्ण बंद. पुढे रणजित गुहांनी शेतकरी उठावांवरच्या १९८३ च्या पुस्तकात संदेश आणि अफवा कशा फिरतात यावर एक सबंध प्रकरण लिहिलं, त्यात या चपात्या आहेत. चपातीने काही सांगितलं नाही. तिने लोकांना एवढंच जाणवून दिलं, की काहीतरी फिरतंय आणि आपण त्याच्या वाटेवर आहोत.

या पिढीतल्या वाचकांना पोस्टकार्डं आठवत असतील. देवीची महती सांगणारं पत्र यायचं आणि शेवटी अट असायची, अमुक इतक्या प्रती लिहून पाठवा. पाठवणाऱ्याला लॉटरी, फाडणाऱ्याच्या घरात आजारपण. पुढे २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पिऊ लागला. पहाटे दिल्लीतल्या एका देवळातून सुरू झालेली गोष्ट दुपारपर्यंत देशभर आणि त्याच दिवशी लंडनच्या देवळांपर्यंत गेली, ती घरगुती फोनवरून आणि टीव्हीवरून. लोक म्हणतात, इंटरनेटने अफवांना पाय फुटले. पाय आधीपासूनच होते. इंटरनेटने पावलांचे ठसे उमटवले.

ठसे उमटायला लागल्यावर आमच्या धंद्याचे सुगीचे दिवस आले. चौकीदारांना विचारत फिरायची गरज उरली नाही, प्रत्येक पोस्टवर सेकंदापर्यंतची वेळ छापून येऊ लागली. २००८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी यूरे लेस्कोव्हेच, लार्स बॅकस्ट्रॉम आणि जॉन क्लाइनबर्ग यांनी तीन महिन्यांतले ९ कोटी लेख आणि ब्लॉगपोस्ट गोळा केले आणि त्यांतली अवतरणं कुठे कुठे फिरली ते शोधलं. त्यातून निघालेलं चित्र मला अजून आवडतं. काळाच्या पट्टीवर रंगीत थर एकमेकांवर चढलेले, एकेक थर म्हणजे एकेक वाक्य. ओबामांचं डुकराला लिपस्टिक लावण्याबद्दलचं वाक्य त्यात मोठ्या लाटेसारखं उठतं आणि काही दिवसांत विरून जातं. मोठ्या माध्यमांत वाक्याने शिखर गाठलं की सुमारे अडीच तासांनी ते ब्लॉगांवर शिखर गाठायचं, असं त्यांना दिसलं. उलट्या दिशेने, ब्लॉगांतून माध्यमांकडे, जाणारी वाक्यं फार थोडी होती. सामान्य माणूस आता बातमीचा मालक झाला, असं ज्या काळात सगळे म्हणत होते, त्याच काळातलं हे चित्र.

२०११ मध्ये गूगल प्लसवर ‘रिपल्स’ नावाची सोय आली. फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग या जोडीचं काम. एखादी पोस्ट कुणी पुढे पाठवली ते वर्तुळांत वर्तुळं काढून दिसायचं : तुझ्याकडून घेणारे तुझ्या वर्तुळाच्या पोटात, त्यांच्याकडून घेणारे त्यांच्या. तासागणिक ते कसं वाढलं, तेही चालवून बघता यायचं. साध्या माणसाला आपल्या बोलण्याचा पुढचा प्रवास बघता यावा, ही कल्पनाच मोहक होती. २०१९ मध्ये गूगल प्लसच बंद झालं. समुदायांचे नकाशे समुदायांइतकेच अल्पायुषी असतात. एक्सकेसीडी या चित्रमालेच्या रँडल मन्रोने २००७ मध्ये ऑनलाइन समुदायांचा जगाच्या नकाशासारखा नकाशा काढला होता, सदस्यसंख्येनुसार देश लहानमोठे. आज तो उघडला तर बुडालेल्या द्वारका बघितल्यासारखं वाटतं.

ठसे मोजल्यावर एक समजूत ढासळली. शरद गोयल, डंकन वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या अब्जभर प्रसारांचे वृक्ष तपासले. बहुतांश गोष्टी कुठेच जात नाहीत. एखाददुसरा माणूस पुढे पाठवतो आणि विषय संपतो. ज्या थोड्या गोष्टी प्रचंड पसरतात, त्यातल्या बऱ्याच जणींचा वृक्ष साथीच्या रोगासारखा फांदीला फांदी फुटत वाढलेला नसतो. एका मोठ्या खात्याने सांगितलं आणि हजारोंनी तिथूनच उचललं, असा तो केरसुणीसारखा दिसतो : एक मूठ आणि खूप काड्या. म्हणजे ज्याला आपण लोकांच्या तोंडून तोंडी पसरलेलं म्हणतो, ते बरेचदा एका भोंग्याचं काम असतं. तेव्हापासून ‘व्हायरल’ शब्द ऐकला की मी विचारते, झाड की केरसुणी? दोन्हींचा आकडा सारखा असू शकतो. पण पहिल्यात हजार जणांनी हजार वेळा ठरवलेलं असतं, दुसऱ्यात एकाने ठरवून बाकीच्यांनी मान डोलावलेली असते.

चित्रांच्या लबाड्या सांगायच्या तर वेगळा लेख होईल, दोनच सांगते. गूगल ट्रेंड्सवर एखादा शब्द १०० वर पोचला, म्हणजे त्याचे शंभर किंवा शंभर लाख शोध झाले असं नसतं. निवडलेल्या काळात त्याचा जो सर्वात मोठा वाटा, त्याला १०० म्हणायचं, एवढंच. आणि महाराष्ट्राच्या नकाशावर कुठल्याही ट्रेंडचे ठिपके टाका, मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर उजळून निघतात. ते ट्रेंडचं नव्हे, लोकसंख्येचं चित्र असतं. दर माणशी हिशेब केल्याशिवाय त्या उजेडाला काही अर्थ नाही.

आणि फिरताना गोष्ट तीच राहत नाही. लाडा अ‍ॅडॅमिक आणि सहकाऱ्यांनी फेसबुकवरचा २००९ चा एक मजकूर तपासला. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचाराविना मरावं लागू नये, असं वाटत असेल तर हे आपल्या भिंतीवर लावा, अशा अर्थाचा. अकरा लाखांहून जास्त पोस्टींत त्याची सुमारे १ लाख २१ हजार वेगवेगळी रूपं निघाली. कुणी उपचाराच्या जागी बिअर घातली, कुणी राजकीय बाजू पालटली. जीवशास्त्रातल्या उत्परिवर्तनाचं गणित त्याला बऱ्यापैकी लागू पडलं. मराठी माणसाला हे समजवायला अभ्यासाची गरज नाही. पु. ल. देशपांड्यांनी कधीच न लिहिलेल्या किती कविता त्यांच्या नावावर फिरताहेत! आधी निनावी असतात, मग कुणीतरी खाली व. पु. लिहितं, पुढच्या ग्रुपात त्याचे पु. ल. होतात. नाव बदललं की मजकूर जास्त जगतो. हेही उत्परिवर्तनच.

एप्रिल २०२१ मध्ये मी असा एक मजकूर घरातच शोधत गेले. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाचे थेंब यांची पुरचुंडी हुंगत राहिलं की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, हा तो मजकूर. त्याला आधार नव्हता. आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपांत तो आठवडाभर फिरत होता. कधी त्यात डॉक्टरांचा हवाला असायचा, कधी लडाखला जाणाऱ्या पर्यटकांना अशी पोटली देतात ही ओळ असायची, कधी नसायची. मी एकेकाला फोन करून स्क्रीनशॉट मागवले, वेळा लिहून घेतल्या. तीसेक जमले. आलेखाच्या कागदावर ते मांडले तेव्हा आमच्या कुटुंबातली सगळ्यात जुनी प्रत निघाली नागपूरच्या मावशीची. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटं. तिच्यापासून खाली सगळं झाड.

कागदावर ती पहिला ठिपका होती. मी तिला फोन केला तो तपासणीसारखा नव्हे, पण मनात उत्सुकता होतीच. ती म्हणाली, “अगं, यांचा ऑक्सिजन ८८ वर आला होता. सात ठिकाणी फोन करून झाले, बेड नाही. रात्रभर बोटाला ते मशीन लावून मी आकडा बघत बसलेली. बँकेतल्या मैत्रिणीने पाठवलं. पोटली करून यांना दिली आणि म्हटलं, आणखी कुणाच्या घरी असंच चाललं असेल तर त्यांनाही कळू दे. दुसरं काय होतं माझ्या हातात?” काकांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेड मिळाला आणि ते वाचले. मावशी त्याचं श्रेय आजही पोटलीला आणि हॉस्पिटलला अर्धं-अर्धं वाटून देते.

झाडाची दुसरी बाजू मला मामाकडे सापडली. मामा आयुष्यभर कंपाउंडर होता. मजकूर त्याला चार ग्रुपांत आला होता. खोटा आहे हे त्याला पहिल्याच वाचनात कळलं, आणि पोटली हुंगत बसून कुणी हॉस्पिटल गाठायला उशीर करेल, हेही. “मग बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “लोक घाबरलेत. त्यांच्या हातात आहे तेवढं काढून घ्यायचं आणि द्यायचं काय?” माझ्या कागदावर मामा नव्हता. त्याने पुढे पाठवलंच नाही, तर रेघ कुठून काढणार? मेसेज वाचून गप्प बसलेले सगळेच कागदाबाहेर होते, आणि मोजायला गेलं तर तेच बहुसंख्य होते. हुशारीने गप्प बसलेले, कंटाळ्याने गप्प बसलेले, भिडेपोटी गप्प बसलेले. प्रसाराचं चित्र पाठवणाऱ्यांचं असतं. मजकूर थांबवण्याची ताकद ज्यांच्याकडे होती, ती माणसं त्यात नसतात.

ही उणीव कुठवर जाते ते राईनपाड्यावरून कळतं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावात आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं, बहुतेक जण मंगळवेढ्याकडची. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर देशभर फिरत होत्या. त्यातला एक व्हिडिओ तर कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला बनवलेला होता. शेवटी मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात, तेवढा भाग कापून तो पसरवला गेला.

काही महिन्यांनी एका संस्थेने मला या सगळ्याचं चित्र काढायला सांगितलं. तोच काळा नकाशा, लाल रेघा. मी घटना तारखेप्रमाणे मांडल्या : मे महिन्यात तमिळनाडू आणि बंगळूर, जूनमध्ये आसामातलं कार्बी आंगलाँग, मग त्रिपुरा, मग राईनपाडा. तारखांच्या क्रमाने रेघ ओढली तर ती दक्षिणेतून ईशान्येला उडी मारते आणि तिथून खानदेशात येते. असा प्रवास कुणी केलेला नव्हता. मेसेज सगळीकडे आधीच पोचलेला होता, आणि जिथे त्याने पेट घेतला तेवढेच ठिपके आपल्याला दिसत होते. मधलं सगळं कुलूपबंद संभाषणांत. ते बाहेरून बघता येत नाही, आणि येऊ नये हेही मला मान्य आहे. लोकांचं खासगी बोलणं उघडं करून काढलेलं चित्र मला नको. मी त्यांना रेघांशिवायचा नकाशा दिला, ठिपके आणि तारखा. ‘पण यात पसरणं कुठे दिसतंय?’ असं त्यांनी विचारलं. दिसत नाही, हेच तर सांगायचं होतं. एखाद्या जिल्ह्यातून बाण काढला असता तर तिथल्या माणसांना तो कायमचा चिकटला असता, आणि डवरी गोसाव्यांना कोणी ओळखीचं का मानलं नाही, हा प्रश्न त्या बाणाखाली झाकला गेला असता. त्या दिवशीचा दारूगोळा मेसेजमध्ये थोडा होता. बराचसा जुना होता : भटक्या माणसाकडे बघायची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची नजर.

त्रिपुरातली गोष्ट मी त्या नकाशावर लिहू शकले नाही. जागा नव्हती म्हणून नाही, धीर झाला नाही. तिथे मारल्या गेलेल्यांत एक जण असा होता, ज्याला सरकारने गावोगाव ध्वनिक्षेपकावरून सांगायला नेमलं होतं, की या अफवांवर विश्वास ठेवू नका.

त्याच वर्षी मार्चमध्ये सोरूश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अराल यांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला होता. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर ३० लाख माणसांनी पसरवलेल्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्या त्यांनी तपासल्या. १५०० माणसांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीपेक्षा सुमारे सहापट वेळ लागत होता. यंत्रमानवी खाती वगळून पाहिली तरी फरक राहिला, म्हणजे हे माणसांचंच काम होतं. त्या ध्वनिक्षेपकवाल्याची मोटार याच शर्यतीत धावत होती.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली, त्याआधी इतरत्र ही मर्यादा वीस होती. पाच पिढ्यांचं गणित करून बघा : दर वेळी वीस ठिकाणी गेलं तर ३२ लाख, पाच ठिकाणी गेलं तर ३,१२५. अर्थात त्यातलं एकेक ठिकाण म्हणजे तेव्हा २५६ माणसांपर्यंतचा ग्रुप असू शकत होता, त्यामुळे एका दमात १,२८० जणांना गाठता येत होतंच. मग दोन बाणांची खूण आली : हा मजकूर मूळ पाठवणाऱ्यापासून निदान पाच हात लांब आलेला आहे. एप्रिल २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यानंतर अशा मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं.

ते दोन बाण मला आजवर बघितलेलं प्रसाराचं सगळ्यात प्रामाणिक चित्र वाटतं. त्यात नकाशा नाही, लाल रंग नाही. मजकूर कुणी सुरू केला हे ते सांगत नाहीत, कुणावर बोट ठेवत नाहीत. एवढंच सांगतात, की तुझ्याआधी बऱ्याच जणांनी हा पुढे पाठवला आहे, आता तो तुझ्याकडे आहे. चपाती हातात पडलेल्या चौकीदाराला जे कळत होतं तेवढंच, पण पाठवण्याआधी.

हल्ली कुणी प्रसाराचं चित्र मागितलं की मी दोन गोष्टी आधी ठरवून घेते. पहिला ठिपका भरीव काढायचा नाही. त्याच्यावर एक तुटक रेघ कागदाच्या कडेपर्यंत न्यायची, कारण आपल्याला सापडलेली पहिली प्रत म्हणजे फक्त आपल्याला सापडलेली पहिली प्रत. आणि जिथे शक्य असेल तिथे, ज्यांनी वाचलं पण पुढे पाठवलं नाही, त्यांच्यासाठी करड्या रंगाची पोकळ वर्तुळं काढायची. चित्र त्यामुळे गचाळ दिसतं. लाल झाड त्या करड्या गर्दीत बारीक होऊन जातं, वीस सेकंदांचा थरार राहत नाही. एक-दोन कामं त्यापायी गेलीही.

पण दाखवताना एक गोष्ट दर वेळी घडते. सुरुवातीला सगळ्यांची बोटं वर, उगमाकडे जातात. मग कुणीतरी विचारतं, ही पोकळ वर्तुळं कसली? मी सांगते, ज्यांच्यापर्यंत मजकूर पोचला आणि ज्यांनी तो पुढे पाठवला नाही, त्यांची. यातले काही त्याला खोटं म्हणाले असतील, काही नुसते गप्प राहिले असतील, ते या चित्रात कळत नाही. यानंतर थोडा वेळ कुणी बोलत नाही. जो तो त्या करड्या गर्दीकडे बघत असतो.